जुन्या मोटारी आणि दख्खनची सडक

अमेरिकेतील मोटारप्रवासाच्या सुवर्णकाळाची कथा निघाली, की शिकागोहून सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेलेल्या 'रूट ६६' या मार्गाचे नाव प्रथम ओठांवर येते. आपल्याकडे तशी कथा सांगावयाची झाली, तर ती नागपूरहून दक्षिणेस निघालेल्या सडकेपासून आरंभावी, असे मला वाटते. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट आणि वडनेर ही गावे मागे टाकून ही सडक वर्धा नदी ओलांडते, वडकी-करंजीवरून पांढरकवड्यास येते, आणि पुढे पाटणबोरीवरून पैनगंगेच्या पात्रापाशी पोहोचून आदिलाबादच्या मुलखात शिरते. केळापूर तालुक्याची कचेरी पांढरकवड्यास, जगदंबेचे देवस्थान शेजारच्या केळापुरास, आणि सभोवार कापसाची काळी जमीन. या परिसराचा उर्वरित जगाशी असलेला संबंध पिढ्यानपिढ्या याच सडकेने राखला. म्हणूनच मोटार नावाचे यंत्र आपल्या जीवनात कसे आले आणि प्रवासाची कल्पनाच त्याने कशी पालटून टाकली, हे समजून घेण्यास मुंबई-पुण्यापेक्षा पांढरकवड्यासारखे ठिकाण अधिक उपयोगी पडते. कारण शहरात मोटार ही श्रीमंतीची खूण होती, तर येथे ती अंतरावर मिळविलेल्या विजयाची खूण होती.

सडक मोटारीपेक्षा कितीतरी जुनी. मिर्झापूरहून जबलपूरमार्गे दक्षिणेकडे उतरणाऱ्या 'ग्रेट डेक्कन रोड'चा हा पुढचा भाग होय. एप्रिल १८१८ मध्ये दुसरा बाजीराव चांद्याच्या रोखाने जात असता पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठले, आणि पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी एक या मातीत झाली. पुढे पाचच वर्षांनी, सर्व हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादेहून नागपुराकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मृत्यू पावला. त्याची कबर आजही तेथे आहे. सैन्य, टपाल, बंजाऱ्यांचे तांडे आणि कापसाच्या बैलगाड्या अशा नाना परीच्या वाहतुकीने तुडविलेल्या या वाटेवर विसाव्या शतकाच्या आरंभी जेव्हा मोटारीची चाके प्रथम फिरली असतील, तेव्हा वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेऊन मध्यप्रांताच्या कारभारास जोडलेले होते, आणि आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत 'वणी जिल्हा' या नावाने ओळखला जात होता.

त्या काळी अमेरिकेचे रस्ते आपल्याहून फार चांगले होते, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टराचा प्रवास आठवावा. मोटारीने अमेरिका ओलांडता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांशी पन्नास डॉलरची पैज लावून हा गृहस्थ मे १९०३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. बरोबर सूएल क्रॉकर नावाचा यंत्रज्ञ, आणि वाटेत आयडाहोमध्ये घेतलेला बड नावाचा कुत्रा, ज्याच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून त्यालाही चष्मा बांधावा लागला! विंटन कंपनीची ती मोटार चिखलात रुतली, दोरखंडांनी ओढली गेली, सुट्या भागांच्या प्रतीक्षेत दिवसचे दिवस उभी राहिली, आणि त्रेसष्ट दिवसांनी न्यूयॉर्कला पोहोचली. सहा वर्षांनी ॲलिस रॅम्झी या तरुणीने तोच पल्ला उलट दिशेने एकोणसाठ दिवसांत पार केला. रस्ते नव्हते, नकाशे नव्हते, पेट्रोलची दुकाने नव्हती. तरीही माणसे निघाली, आणि माणसे निघाली म्हणूनच पुढे रस्ते झाले. ही गोष्ट या प्रकरणातील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. मोटारयुग कारखान्यात जन्मले खरे, परंतु ते वाढले सडकेवर आणि सडकेच्या काठी राहणाऱ्या माणसांच्या हातांनी.

कारखान्याचा वाटाही थोडा नव्हता. हेन्री फोर्डने १९०८ मध्ये 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये त्याने फिरत्या पट्ट्यावर जुळणीची पद्धत सुरू केली, आणि जी मोटार जुळविण्यास पूर्वी बारा तासांहून अधिक वेळ लागे, ती सुमारे दीड तासात तयार होऊ लागली. १९२५ पर्यंत किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली, आणि १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले तोवर दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या. शेतकरी, शिक्षक आणि कारखान्यातील मजूर यांच्या आवाक्यात आलेली ही पहिली मोटार. तिची चाके मोठी, पोट जमिनीपासून उंच आणि यंत्ररचना साधी असल्यामुळे कच्च्या रस्त्यांवर तिचा निभाव लागे. हाच गुण तिला व तिच्यामागून आलेल्या अमेरिकन गाड्यांना हिंदुस्थानात उपकारक ठरला. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये मुंबईस आपली शाखा स्थापिली, आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली. खोक्यांतून आलेले भाग मुंबईत जोडावयाचे आणि तयार गाड्या देशभर पाठवावयाच्या, अशी ती व्यवस्था होती.

ही 'मॉडेल टी' चालविणे म्हणजे एक स्वतंत्र विद्याच होती. सुकाणूच्या चाकाखाली दोन दांडे असत: एक इंधनाचा, दुसरा ठिणगीची वेळ मागेपुढे करण्याचा. गाडी सुरू करण्यापूर्वी ठिणगीचा दांडा मागे घ्यावयाचा, मग पुढे येऊन हँडल फिरवावयाचे. दांडा मागे घेण्यास कोणी विसरला, तर हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचे भय असे. पायांखाली तीन पेडल: डावे गतीचे, मधले मागे जाण्याचे, उजवे गाडी थांबविण्याचे. पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल केवळ आपल्या वजनाने यंत्राकडे उतरे. त्यामुळे टाकीत पेट्रोल थोडे असले आणि चढ तीव्र लागला, की यंत्रास इंधन पोहोचत नसे, आणि चालकास गाडी वळवून उलट्या गतीने चढ चढावा लागे. वऱ्हाडच्या पावसाळ्यात या सर्वांवर काळ्या मातीची भर. ही माती भिजली की चाकाला थरावर थर चिकटून पुढे जाणे अशक्य करी, आणि अखेर बैलजोडी जुंपूनच गाडी बाहेर काढावी लागे. उन्हाळ्यात अडचण निराळी: रेडिएटरचे पाणी उकळे, म्हणून गाडीच्या पुढच्या अंगाला पाण्याने भरलेली कॅनव्हासची छागल टांगलेली असे, वाऱ्याने ती पाझरून थंड राही, आणि यंत्राची व माणसांची तहान एकाच पाण्याने भागे.

पांढरकवड्याहून दक्षिणेस निघालेल्या प्रवाशापुढे चिखल व ऊन यांखेरीज आणखी एक अडसर होता, आणि तो राज्यव्यवस्थेने घातलेला होता. पैनगंगा ही केवळ नदी नव्हे, ती सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. पलीकडच्या मुलखात करोडगिरीचे नाके. मालाची झडती होई, जकातीची आकारणी होई आणि पावती हाती पडेपर्यंत मुसाफिराला तिष्ठत राहावे लागे. इंग्रजी कलदार रुपया अलीकडचा, हाली सिक्का पलीकडचा. दोहोंच्या किमतीत फरक असल्याने वटावाचा हिशेब करावा लागे. अमेरिकेचा प्रवासी आठ राज्यांतून जाणाऱ्या 'रूट ६६'वर एकच नाणे खिशात बाळगून निर्वेध जात असे, त्या काळात नागपूर-हैदराबाद एवढ्या पल्ल्यात आपल्या प्रवाशाला दोन राजवटी, दोन नाणी आणि दोन प्रकारचे कायदे यांतून वाट काढावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर पोलिस कारवाई झाली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ही भिंत क्रमाक्रमाने कोसळली. मोटारप्रवासाचे स्वातंत्र्य आपण ज्याला म्हणतो, त्याच्या पायाशी राजकीय एकात्मता असते, हे पैनगंगेच्या काठी जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

सडकांच्या सुधारणेचा विचार मात्र स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाला होता, आणि त्यात मराठी माणसाचा व विदर्भाच्या भूमीचा वाटा मोठा आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. रस्ते ही केवळ प्रांतांची किंवा जिल्हा बोर्डांची बाब नसून राष्ट्रीय महत्त्वाचा विषय आहे, आणि पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस त्यांनी केली; त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आण्यांचा कर बसून मध्यवर्ती रस्ते निधी अस्तित्वात आला. रस्ता वापरणाऱ्याने रस्त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व तेव्हापासून आपल्याकडे रुजले. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची देशव्यापी योजना आखली. राष्ट्रीय हमरस्ते, प्रांतिक हमरस्ते, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही जी वर्गवारी आज शाळकरी मुलालाही पाठ असते, ती या 'नागपूर योजने'ने रूढ केली; दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रास १६ किलोमीटर रस्ता असे प्रमाण तिने ठरविले, आणि लागवडीखालील प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असा संकल्प तिने सोडला.

त्याच युद्धकाळात पेट्रोलचे नियंत्रण आले आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, हा प्रसंग आज पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. बसच्या मागील बाजूस पत्र्याचे उभे पिंप बसविलेले असे. त्यात लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत धुमसवून जो वायू निघे, तो गाळून व थंड करून यंत्रास पुरविला जाई. निघण्यापूर्वी हाताने पंखा फिरवून निखारे फुलवावे लागत, वाटेत राख काढावी लागे, आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून चालावे लागे. तरीही गाड्या चालल्या, टपाल पोहोचले, बाजार भरले. गाडी कशीही असो, ती चालती ठेवावयाची, हा भारतीय मिस्त्रीचा बाणा अशा दिवसांत घडला, आणि पुढील अर्धशतकभर तोच आपल्या मोटारप्रवासाचा खरा आधार राहिला.

युद्ध संपले आणि अमेरिकेत ज्याला सुवर्णयुग म्हणतात ते उजाडले. १९२६ मध्ये क्रमांक मिळालेला आणि १९३८ पर्यंत संपूर्ण पक्का झालेला, सुमारे ३,९०० किलोमीटरचा 'रूट ६६' १९३०च्या दशकात दुष्काळाने व धुळीच्या वादळांनी देशोधडीस लागलेल्या शेतकऱ्यांनी भरून वाहिला होता. आता त्याच मार्गावरून सुटी घेतलेली कुटुंबे आनंदाने पश्चिमेकडे निघाली. हार्ली अर्लसारख्या कल्पक आरेखकाने मोटारीला आगगाडीच्या डब्यासारखे नव्हे तर विमानासारखे रूप दिले. शेव्हरोलेची 'बेल एअर' आणि १९५९ सालची, मागे उंच पंख उभारलेली कॅडिलॅक ही त्या आत्मविश्वासाची प्रतीके होत. मोटारवाल्यांसाठी मोटेल निघाली, रस्त्याकाठी उपाहारगृहे निघाली. कुटुंबासह केलेल्या प्रवासात मुक्कामाचे हाल सोसल्यावर केमन्स विल्सन याने १९५२ मध्ये मेम्फिसला 'हॉलिडे इन' काढले, ते याच प्रवाहातून. पन्नास वर्षांपूर्वी जॅक्सनला जे मिळाले नाही ते सर्व आता प्रत्येक गावात मिळू लागले, आणि मार्गावरची लहान गावे त्या वाहतुकीवर पोसली जाऊ लागली.

आपल्याकडे ही समृद्धी नव्हती. परंतु उमेद होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज व प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. देशातच भाग बनविण्याचा कार्यक्रम हाती घेणाऱ्यांनाच यापुढे परवानगी, असे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारल्यावर फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील कारभार आवरता घेतला. प्रीमियरने फियाट ११०० आणि हिंदुस्थान मोटर्सने १९५७ पासून ॲम्बॅसेडर घडविली, आणि पुढील तीन दशके भारतीय कुटुंबाचा लांबचा प्रवास म्हणजे बहुधा या दोहोंपैकी एकीतला प्रवास, असे समीकरण झाले. फियाटच्या पुढच्या आसनाची बैठक अखंड, गिअरचा दांडा सुकाणूला लागून. त्यामुळे पुढे तिघे, मागे चौघे-पाच आणि मांडीवर मुले, अशी सारी मंडळी सामावत. टपावर कॅरिअर, त्यावर ट्रंक आणि होल्डॉल. पायांशी फिरकीचा तांब्या. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. सडकेच्या दुतर्फा कडुनिंब आणि चिंचा. एखाद्या झाडाखाली सतरंजी पसरून शिदोरी सोडली, की तेच उपाहारगृह, आणि बांधकाम खात्याच्या डाकबंगल्याचा परवाना हाती असला, तर तोच मुक्काम.

विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास अशी फियाट धडधडत मंदावे आणि सडकेच्या कडेला थांबे, तेव्हा जाणता चालक घाबरत नसे. पेट्रोल ओढणारा पंप यंत्राला लागूनच बसविलेला. यंत्र तापले की पंपातील पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ ओढता येत नसल्यामुळे पुरवठा तुटे. उपाय साधा होता. जुन्या धोतराचे फडके पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळावयाचे आणि स्वस्थ बसावयाचे. वाफेचे पुन्हा पेट्रोल झाले, की गाडी निघे. या उपायात पदार्थविज्ञानाचा एक नियम सामावलेला आहे, आणि पुस्तक न वाचता तो नियम ओळखणाऱ्या चालकांनी व मिस्त्रींनी आपल्या सडका जागत्या ठेवल्या. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

सुवर्णयुगाचे वर्णन करताना ते कोणासाठी सुवर्णमय होते, हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रवाशाला अनेक हॉटेलांत जागा मिळत नसे, काही गावांत सूर्यास्तानंतर थांबण्याचीही मनाई असे. म्हणून न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने १९३६ पासून, कोठे सुरक्षितपणे जेवता व झोपता येईल याची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि ती तीस वर्षे निघत राहिली. आपल्याकडची परिस्थिती याहून कमी कठोर नव्हती. सरकारी समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ मध्ये चाळीसगावास उतरले, तेव्हा त्यांना टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाले तयार झाले नाहीत. ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता अशा माणसाने टांगा हाकला, आणि तो उलटून बाबासाहेबांना गंभीर इजा झाली. आपल्याकडे मोटार व बस या यंत्रांनी एक मोठे काम केले: तिकिटाचे पैसे देणाऱ्यास शेजारी बसण्याचा अधिकार दिला. पण यंत्र माणसाचे मन पालटीत नाही, ते काम माणसालाच करावे लागते. आणि रस्त्याच्या इतिहासात या अन्यायाची नोंद नसेल, तर तो इतिहास अपुरा होय.

१९५६ हे वर्ष दोन्ही देशांच्या सडकांच्या दृष्टीने निर्णायक ठरले. १९१९ मध्ये लष्करी गाड्यांच्या तांड्यासह बासष्ट दिवस धक्के खात अमेरिका ओलांडणारा तरुण अधिकारी ड्वाइट आयसेनहॉवर आता राष्ट्राध्यक्ष होता. त्याने जून १९५६ मध्ये ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय महामार्ग अधिनियम झाला, त्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि पैनगंगेपलीकडचे आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. दख्खनची सडक वाराणसी-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे क्रमांक बदलून ती श्रीनगर-कन्याकुमारी या देशातील सर्वांत लांब महामार्गाचा, क्रमांक ४४ चा, भाग झाली. अमेरिकेत नव्या रुंद महामार्गांनी जुन्या गावांना वळसा घातला, प्रवासी थांबेनासे झाले, उपाहारगृहे ओस पडली, आणि १९८५ मध्ये 'रूट ६६' सरकारी नकाशावरून पुसला गेला. परंतु त्यानंतर त्या गावांनी जे केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे: जुने पेट्रोलपंप, जुन्या पाट्या आणि जुन्या मोटारी जपून त्यांनी आपला इतिहासच आपल्या चरितार्थाचे साधन केले.

आपल्याकडे चौपदरी महामार्ग झाला. नागपूर आता काही तासांवर आले, आणि त्यात वाईट काहीच नाही. टिपेश्वरचे अभयारण्य पाहावयास येणारा प्रवासीही याच मार्गाने येतो. परंतु जुनी सडक आणि जुनी मोटार यांविषयी आपण फार उदासीन आहोत. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. फियाट ११००चेच पुढचे रूप असलेली शेवटची 'पद्मिनी' टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले असून त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी व्यवसायासाठी वा रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. कायद्याने वाट मोकळी केली आहे. आता आस्था लोकांनी दाखवावयाची आहे.

म्हणून पांढरकवडा, वणी, घाटंजी आणि हिंगणघाट येथील वाचकांना विनंती अशी, की कोणाच्या जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या पडवीत वा गोठ्याशेजारी एखादी जुनी शेव्हरोले, विलीस जीप किंवा फियाट गंजत पडली असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक शोधावे, तिचे छायाचित्र घ्यावे, आणि तिच्यावर हात चालविलेला एखादा वृद्ध मिस्त्री किंवा चालक हयात असेल, तर त्याच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. लोखंड पुन्हा मिळेल, परंतु त्या माणसांच्या स्मृती पुन्हा मिळणार नाहीत. आणि त्या स्मृतींवाचून दख्खनच्या सडकेचा इतिहास कोणालाही लिहिता येणार नाही.